हेअरपिनने कुलूप उघडतं का हो?

प्रश्न: कुलूप पिकिंग (किल्लीशिवाय कुलूप उघडणं) शिकायचा नाद लागलाय, पण टूलसेट घ्यायच्या आधी घरातल्याच वस्तूंवर हात बसवायचाय. पेपरक्लिप वापरली तर ती आतच वाकते. काय चुकतंय?

उत्तर: तुमचं काही नाही, क्लिपची तारच मऊ असते. हेअरपिन घ्या, तिच्या टोकावरचा प्लास्टिकचा थेंब आधी खरवडून काढा (हे विसरतात आणि मग तो थेंब कुलपात अडकतो), टोक पकडीने जरासं वर वाकवा, झाला पिक, म्हणजे कुलपातल्या पिना उचलायची सळई. दुसरी हेअरपिन काटकोनात वाकवली की टेन्शनर, म्हणजे कुलूप फिरवायला दाब देणारी पट्टी, होतो, पण त्यापेक्षा गाडीच्या जुन्या वायपरमधली स्टीलची पट्टी कितीतरी बरी.

आता खरी गंमत टेन्शनमध्ये, म्हणजे या दाबात आहे. १८६१ मध्ये लायनस येल ज्युनियरने पेटंट घेतलेल्या पिन टंबलर कुलपाचं तत्त्व आजही तेच आहे, स्प्रिंगवरच्या दोन-दोन तुकड्यांच्या पिना, किल्ली त्यांचे जोड बरोब्बर एका रेषेत आणते आणि सिलिंडर (किल्ली जाते तो आतला गोल भाग) फिरतो. टेन्शनर हलकाच दाबला की एखादी पिन आधी अडते, ती उचलली की बारीकसा ‘टिक्’ जाणवतो, मग पुढची अडते. नवशिके इतकं जोरात दाबतात की सगळ्याच पिना घट्ट बसतात आणि मग तार वाकली म्हणून कुरकुर!

सराव मात्र स्वतःच्या, वापरात नसलेल्या जुन्या कुलपावरच करा, कारण दाराच्या कुलपात हेअरपिन मोडली तर बाहेर तुम्हीच बसाल.