आईचे आभार मानायला संकोच वाटतो. एखादी चांगली भेटवस्तू दिली तर पुरेसे होईल का?

तुमचा हा संकोच मी स्वतः चाळिशी उलटेपर्यंत बाळगला, म्हणून हे उत्तर लिहायला बसले आहे. आमच्या घरात या संकोचाला तत्त्वाचे रूप माझ्या थोरल्या भावाने दिले. ‘आपल्या माणसांचे आभार मानायचे नसतात, मानले की ती परकी होतात,’ असे दादा वर्षानुवर्षे सांगत आला आणि मीही मान डोलावत आले. आज मला ते साफ चुकीचे वाटते. अनोळखी माणसाने दार उघडून धरले तरी आपण त्याचे आभार मानतो. मग जिने आपल्यासाठी आयुष्यातली वीस-पंचवीस वर्षे खर्ची घातली, तिलाच तेवढे वगळणे ही आपली सोय आहे. त्या सोयीला आपुलकीचे नाव देऊ नये.

मागच्या वर्षी मुलीचा शाळेचा स्कर्ट आखूड झाला म्हणून मी त्याची खालची दुमड उसवली. कापड दोन बोटे खाली आले, पण जुन्या घडीची रेघ काही जाईना. ओले फडके फिरवले, उलट्या बाजूने इस्त्री दाबली, तरी घडीच्या कडेला रंग विटलेला होता, तो विटलेलाच राहिला. त्या रेघेकडे पाहताना मला आठवले की माझाही स्कर्ट आई दर वर्षी असाच वाढवून देत असे, एकच स्कर्ट मी तीन वर्षे वापरला होता, आणि तरीही माझ्या स्कर्टवर अशी रेघ कधी दिसल्याचे मला स्मरत नव्हते. स्मरत होती ती घेराच्या खालच्या बाजूला शिवलेली, किंचित गडद निळ्या रंगाची बारीक पट्टी. पुढच्या वर्षी तशाच दोन झाल्या होत्या. त्या पट्ट्या शोभेच्या आहेत असे मी मैत्रिणींना सांगत असे आणि मला त्यांचा अभिमान होता.

मी तिथूनच आईला फोन लावला आणि विचारले, “आई, त्या पट्ट्या रेघ झाकायला होत्या का गं?” ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “तुला त्या आठवतात?” त्या वर्षांत घरात नियमित पगार येत नव्हता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. कापड घेतले ते एकदाच, वाढत्या अंगाचे; आत चांगली रुंद दुमड ठेवलेली; आणि पट्टीची हातशिलाई ती आम्ही झोपल्यावर करत असे, कारण दिवसा मी पाहिले असते तर कारण विचारले असते. “वर्गात कोणी तुला काही बोलू नये, एवढंच होतं,” ती म्हणाली. मी तिला सांगितले की शाळेत मला कपड्यांवरून एकदाही मान खाली घालावी लागली नाही, आणि ते तुझ्यामुळे. त्यानंतर ती पाऊण तास बोलत होती. माझी मुलगी उसवलेला स्कर्ट हातात घेऊन शेजारी ऐकत उभी होती.

तुमच्या प्रश्नाचे माझ्यापाशी असलेले उत्तर यातच आहे: आभार नेमक्या गोष्टीचे मानावेत. आईच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला दादाने सर्वांसमोर भाषण केले. त्यात त्याग होता, कष्ट होते, माया होती, पण पट्टी नव्हती, आणि त्याच्या स्वतःच्या आठवणीतले आईचे असे एकही काम नव्हते. रात्री आई मला म्हणाली, “भाषण चांगलं झालं, पण ती बाई कोण ते मला कळलं नाही.” ॲना जार्व्हिस या अमेरिकन बाईंचा आग्रह मला इथे पटतो. त्यांच्या पाठपुराव्यामुळे १९०८ साली मातृदिन पहिल्यांदा साजरा झाला आणि १९१४ मध्ये त्याला राष्ट्राध्यक्षांची मान्यता मिळाली. इंग्रजी नावात ‘आई’ हा शब्द एकवचनातच हवा, कारण प्रत्येकाने आपापल्या आईचा मान करायचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे छापील शुभेच्छापत्रे आणि फुलांचा धंदा वाढला, तेव्हा आपणच सुरू केलेल्या दिवसाविरुद्ध त्या लढल्या.

संकोचाबद्दल एवढेच सांगते की तो आपल्या बाजूलाच जास्त असतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये लोकांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला लावली. समोरच्याला किती अवघडल्यासारखे होईल याचा लिहिणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षाहून जास्त निघाला, आणि त्याला किती आनंद होईल याचा अंदाज कमी. शब्द बरोबर आहेत की नाहीत या चिंतेत लिहिणारे अडकतात. वाचणाऱ्याला त्यातली ऊब पोचते. समोर बसून बोलवत नसेल तर चार ओळी लिहून द्या.

मात्र आभार मानून पुन्हा तिलाच कामाला जुंपू नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार घरकाम आणि संगोपनाच्या विनामोबदला कामावर जगभरातील स्त्रिया दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटे घालवतात आणि पुरुष १ तास २३ मिनिटे. यातले एक काम कायमचे आपल्या अंगावर घेणे हेही आभारच आहेत. इथे दादाच्या बाजूने बोलायला हवे: आईच्या सगळ्या तपासण्यांना तिला नेणारा तोच आहे आणि त्याने त्यात कधी हयगय केलेली नाही. तो करतो ते खरेच आहे. पण करणारा बोलला तर काही बिघडत नाही, एवढेच मी त्याला इतकी वर्षे सांगत आहे. आणि ज्यांना आईकडून दुखापतच मिळाली, त्यांच्यावर हे उत्तर मी लादत नाही. कृतज्ञता कोणाकडून वसूल करता येत नाही.

भेटवस्तूचे तुम्ही विचारले होते. जरूर द्या, पण आधी तिला विचारून. मी विचारले तेव्हा आईने शिलाई मशीनजवळ लावायला प्रखर दिवा मागितला, कारण आता तिला गडद कापडावर गडद दोरा दिसत नाही. तो लावून झाल्यावर मुलीचा स्कर्ट तिनेच मागून घेतला.