जलपर्णीच्या हातकागदावर लिनोकट छापता येईल का?

नदीप्रदूषणावरच्या चित्रमालिकेसाठी जलपर्णीचाच कागद वापरायचा, ही तुमची कल्पना मला मनापासून आवडली. लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, त्यावर शाई लावून घेतलेला छाप, या कागदावर नक्की छापता येईल. पण नुसत्या जलपर्णीचा कागद वाळल्यावर कडक आणि ठिसूळ होतो. देठ धुण्याच्या सोड्यात शिजवून, स्वच्छ धुऊन त्या लगद्यात सुती चिंध्यांचा किंवा केळीच्या सोपाचा लगदा निम्म्याला निम्मा मिसळा. देठ गोळा करताना हातमोजे घालाच, कारण ही वनस्पती सांडपाण्यातले जड धातू शोषून घेते.

कागद खडबडीत असल्यामुळे बारीक रेघा तुटतात, म्हणून लिनोलियमच्या ठोकळ्यावर चित्र ठसठशीत रेघांनी कोरा. छापण्याआधी कागद किंचित ओलसर करून वजनाखाली दाबून ठेवा. प्रेस नसेल तर शाई लावलेल्या ठोकळ्यावर कागद पसरून पाठीमागून लाकडी चमच्याने गोल गोल घासा; एक कोपरा उचलून बघा, फिकट दिसलं तर तिथेच पुन्हा घासा. तंतूंच्या गाठींवर शाई बसत नाही, ते कोरे ठिपके राहू द्या, नदीच्या विषयाला ते शोभतात.

शाई जवसाच्या तेलातली घ्या. शाई लावायचा रोलर रॉकेलऐवजी खाद्यतेलात भिजवलेल्या चिंधीने पुसा, आणि ती चिंधी मोरीत धुऊ नका.