रोहिणी, धमनी आणि शीर

प्रश्न असा आलाय: "आम्ही शाळेत 'रोहिणी' आणि 'नीला' शिकलो. मुलगी आता 'धमनी' आणि 'शीर' म्हणते. यात काही फरक आहे का? आणि रोहिणी म्हणजे शुद्ध रक्ताची वाहिनी, हे बरोबर ना?"

फरक काही नाही. रोहिणी म्हणजेच धमनी, नीला म्हणजेच शीर. 'शुद्ध रक्ताची' हे मात्र बरोबर नाही, आणि हा घोळ त्या दोन जुन्या नावांनीच घातलाय.

रोहिणी म्हणजे तांबडी, नीला म्हणजे निळी. वहीत आपण लाल-निळ्या पेन्सिलीने रंगवायचो तशाच. पण वाहिनी कुठली हे रंगावर नाही, दिशेवर ठरतं: हृदयातून रक्त बाहेर नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती नीला. बाकी शरीरभर रंग आणि दिशा यांची जोडी जमते, फुप्फुसांपाशी फिसकटते. उजव्या निलयातून (हृदयाचा खालचा कप्पा, आपल्या वेळची 'जवनिका') फुप्फुसांकडे जाणारी वाहिनी दिशेने रोहिणी, पण तिच्यात ऑक्सिजन कमी झालेलं काळपट रक्त. आणि फुप्फुसांतून डाव्या अलिंदात (हृदयाचा वरचा कप्पा) येणाऱ्या चार नीलांमध्ये अगदी लालभडक. म्हणजे तांबडीत काळपट आणि निळीत तांबडं. निळं रक्त तर आपल्या अंगात कुठेच नसतं. लॅबमध्ये नळीत भरतात ते शिरेतलं रक्त पाहा, गडद तांबडंच असतं. शिरा निळ्या दिसतात तो कातडीतून येणाऱ्या उजेडाचा खेळ.

'शुद्ध-अशुद्ध' ही जोडी तर मला त्याहून खटकते. मूत्रपिंडातून गाळून, युरिया कमी होऊन बाहेर पडलेलं रक्त शिरेत येतं, म्हणून ते 'अशुद्ध'! सोवळ्याओवळ्याचे शब्द इथे कशाला?

गंमत म्हणजे रोहिणी आणि नीला ही नावं सुश्रुतसंहितेतही आहेत, पण तिथे दोन्ही 'सिरा'च. पित्त वाहणाऱ्या त्या नीला, रक्त वाहणाऱ्या त्या रोहिणी. शिवाय वाताच्या अरुणा आणि कफाच्या गौरी. आधुनिक परिभाषेने चारांतली दोन नावं उचलली आणि त्यांना नवं काम दिलं.

'धमनी'ची गोष्ट वेगळी. चरक व्युत्पत्तीच देऊन मोकळा होतो: 'ध्मानाद् धमन्यः, सरणात् सिराः'. धम् म्हणजे फुंकणं, लोहाराचा भाता फुंकतो तसं. सिरा नुसती सरते. ग्रीकांचा धमनीसाठीचा 'आर्टेरिया' हा शब्दही आधी श्वासनलिकेचाच. मेलेल्या प्राण्याच्या धमन्या बहुधा रिकाम्या सापडतात, म्हणून त्यांतून हवा खेळते असं त्यांच्यातल्या काहींना वाटलं.

त्या रिकाम्या का दिसतात हे बघायचं असेल तर मटणवाल्याकडून बोकडाचं दिल आणा, वरच्या नळ्या शक्य तेवढ्या ठेवून. जाड भिंतीची नळी कापली तरी गोल, उघडी राहते, ती धमनी. पातळ असते ती चपटी होऊन पडते, ती शीर. मग दिल उभं चिरा. डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या दुप्पट-तिप्पट जाड दिसेल. उजव्याला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचं असतं, डाव्याला खुरापर्यंत. माणसाचं डावं निलय एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त फेकतं, म्हणजे मिनिटाला जवळजवळ 5 लिटर. तो धक्का लवचिक धमनी झेलते, फुगते, पुन्हा आवळते. हवा फुंकत नसली तरी 'धमनी' हे नाव तिला शोभतं, म्हणून माझं मत तिच्याच बाजूने. मुलीचा शब्द चांगला आहे.

राहिली बोलीतली 'नस'. तिच्यात सगळंच मावतं. 'मानेत नस दबली' म्हणतो तेव्हा ती मज्जातंतू असते. रक्त काढणाऱ्या ताई दंडाला पट्टा आवळून 'नस सापडत नाही हो' म्हणतात तेव्हा त्या शीर शोधत असतात. आणि वैद्य मनगटावर तीन बोटं ठेवून जी 'नाडी' बघतात, ती धमनी.