सरसकट १५ टक्के आयकर लावला तर?

‘सगळ्यांना सरसकट १५ टक्के लावा, टप्पेबिप्पे काढून टाका, सीएची गरजच उरणार नाही आणि मध्यमवर्गालाही दिलासा मिळेल’ असं तुम्ही म्हणताय. सीएचा मुद्दा आधी घेतो. टप्प्यांचा हिशेब दोन मिनिटांचा आहे, आणि तोही पोर्टलच करून देतं. डोकेदुखी असते त्याच्या आधी, करपात्र उत्पन्न नेमकं किती हे ठरवताना. घरभाडं भत्ता, ८० सी कलमाखालची गुंतवणुकीची वजावट, गृहकर्जाचं व्याज, शेअर विकून झालेला नफा, गावची जमीन विकल्यावर वाट्याला आलेली रक्कम. दर एकच केला म्हणून यातलं काही आपोआप जात नाही. वजावटी काढायला टप्पे मोडावे लागतात असंही नाही. २०२० च्या अर्थसंकल्पात नवी करप्रणाली आली, तिच्यात बहुतेक वजावटी गेल्या आणि टप्पे उलट वाढले!

आता बोजा कुणाकडून कुणाकडे सरकतो ते बघू. नव्या प्रणालीचे २०२५-२६ चे दर घेतो, पगारासारखं नेहमीचं उत्पन्न धरतो, कराच्या वर लागणारे उपकर आणि अधिभार बाजूला ठेवतो. तुमच्या योजनेतही पहिले ४ लाख करमुक्त असतील असं समजू. करपात्र उत्पन्न १२ लाख असेल तर आज ८७ ए कलमाच्या सवलतीमुळे (तेवढ्या उत्पन्नापर्यंतचा कर माफ होतो) कर शून्य, तुमच्याकडे १ लाख २० हजार. १५ लाखांवर आज १ लाख ५ हजार, तुमच्याकडे १ लाख ६५ हजार. २४ लाखांवर दोन्हीकडे बरोबर ३ लाख. तिथून पुढे चित्र फिरतं: १ कोटीवर आज २५ लाख ८० हजार, तुमच्याकडे १४ लाख ४० हजार. म्हणजे ४ ते २४ लाखांमधल्या प्रत्येकाने जास्त भरायचं, त्यावरच्यांनी कमी. यातून सरकारची तूट वाढेल की घटेल हा वेगळा विषय, पण ‘मध्यमवर्गाला दिलासा’ हे शब्द तेवढे मागे घ्या.

४ लाख सोडले की तुमचाही कर चढताच होतो, हेही लक्षात घ्या. १२ लाखवाल्याला सरासरी १० टक्के, कोटीवाल्याला १४.४. चढ फक्त सौम्य. खराखुरा सपाट कर बघायचा तर पगाराच्या स्लिपवरचा व्यवसाय कर बघा. महाराष्ट्रात महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. ३० हजार पगारालाही तेवढाच आणि ५ लाख पगारालाही तेवढाच.

रशियाचा दाखला नेहमी दिला जातो. तिथे २००१ मध्ये १२, २०, ३० हे टप्पे जाऊन १३ टक्के आले आणि वसुली वाढली, हे खरं. पण आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्ये आकडे तपासले, तेव्हा लोक जास्त काम करू लागल्याचा पुरावा मिळाला नाही. कर चुकवणं कमी झालं, पण ते दरामुळे की कडक अंमलबजावणीमुळे हे ठरवता आलं नाही. पुढे २०२१ मध्ये १५ टक्क्यांचा टप्पा आला आणि २०२५ पासून तिथे २२ टक्क्यांपर्यंत पाच दर आहेत. स्लोव्हाकियाने २००४ मध्ये १९ टक्के एकच दर ठेवला, २०१३ मध्ये २५ चा दुसरा आणला. एस्टोनिया मात्र १९९४ पासून सगळ्यांना एकच दर या पद्धतीवर टिकून आहे.

तुमच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. दर वाटेल तेवढे चढवणं हा मूर्खपणाच. १९७३-७४ मध्ये आपल्याकडे वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता; अशा वेळी प्रामाणिकपणे उत्पन्न दाखवणार कोण?

मला विचाराल तर आधी १२ लाखांवरचा कडा घासून काढायला हवा. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार झालं की सीमांत सवलत (१२ लाखांवरच्या रकमेपेक्षा कर जास्त होऊ न देणारी सूट) धरून कर १० हजार, म्हणजे वाढलेला सगळा पैसा करात. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत हे असंच चालतं. दुसरं, टप्पे महागाईशी जोडा, म्हणजे दर फेब्रुवारीत टीव्हीसमोर बसायला नको. तिसरं जरा अवघड आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या शेअरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर सव्वा लाखानंतर साडेबारा टक्के, मग तो नफा दोन लाख असो की दोन कोटी. वरच्या थरातल्या बऱ्याच जणांची मोठी कमाई पगारातून येतच नाही, तेव्हा सरसकट दर त्यांना मिळालेलाच आहे. तुमचे १५ टक्के या नफ्यालाही लागणार आहेत का, ते सांगा. मग पुढचं बोलू.