टॅगची सोडत : मित्राचे 14, तुमचा शून्य

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही ऑरोराला राहतो. कोलोरॅडोत येऊन सहा वर्षं झाली, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. मुलगी 12 वर्षांची आहे. आम्हाला शिकारीला जायचंय, म्हणून तिने आणि मी मिळून हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण केला. ऑफिसातले एक सहकारी म्हणतात, "माझ्याकडे एल्कचे (सांबरासारख्या मोठ्या हरणाचे) 14 पॉइंट आहेत, तुम्ही दोघं माझ्या ग्रुपमध्ये अर्ज करा, वायव्य कोपऱ्यातल्या चांगल्या युनिटला जाऊ." दुसरे एक जण म्हणतात, निदान दहा वर्षं नुसते पॉइंट साठवा. हे पॉइंट म्हणजे नेमकं काय, आणि आम्ही काय करावं?

उत्तर : आधी एक सांगते, कारण अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीलाच संपते. त्या युनिटसाठी ग्रुपचा अर्ज करू नका. (युनिट म्हणजे शिकारीसाठी आखलेला भाग, आणि टॅग म्हणजे तिथे एक जनावर मारायची परवानगी; ती सोडतीने मिळते.)

कोलोरॅडोत ग्रुपमध्ये ज्याचे पॉइंट सगळ्यात कमी, तेवढेच सगळ्या ग्रुपचे धरतात. तुमचा शून्य आणि लेकीचा शून्य म्हटल्यावर सहकाऱ्यांचे 14 सोडतीत शून्यच होतात. आणि शून्यावर निघणारं एखादं साधं युनिट तुम्ही पहिला चॉइस म्हणून भरलंत आणि ते लागलं, तर त्यांचे 14 पॉइंट तिथेच खर्च झाले. चौदा वर्षं जमवणाऱ्या माणसाला हे बहुधा ठाऊक असतं. तरीही ते विचारताहेत, म्हणजे त्यांना युनिटपेक्षा सोबत हवी असेल. तसं असेल तर फार मोठ्या मनाचं आहे ते, पण त्यांच्याशी समोरासमोर बसून एकदा स्पष्ट बोला.

आता पॉइंटचं. माझ्या वडिलांनी साताऱ्यात चेतक स्कूटर बुक केली होती. पैसे भरले, पावती लोखंडी कपाटात ठेवली आणि वाट पाहत बसले. रांगेत जो आधी, त्याला गाडी आधी. प्रेफरन्स पॉइंट ही अशीच पावती आहे. पहिल्या चॉइसला टॅग लागला नाही की त्या प्राण्याचा एक पॉइंट तुमच्या खात्यात जमा होतो. पुढच्या वर्षी ज्याचे पॉइंट जास्त, त्याला आधी टॅग. एल्क, हरीण, प्रोंगहॉर्न (काळविटासारखं दिसणारं जनावर) आणि अस्वल, प्रत्येकाचं खातं वेगळं. पहिल्या चॉइसचा टॅग लागला की त्या प्राण्याचं खातं शून्यावर.

चेतकच्या रांगेत आणि या रांगेत एक मोठा फरक आहे. कारखान्याला उत्पादन वाढवता आलं. कोलोरॅडोत एल्क 2 लाख 80 हजारांच्या आसपास आहेत, दुसऱ्या कुठल्याही राज्यात इतके नाहीत; पण एका युनिटमध्ये किती नर मारू द्यायचे हे तिथला कळप ठरवतो, रांगेची लांबी नाही. त्यातून जे होतं त्याला इथले शिकारी 'पॉइंट क्रीप' म्हणतात. हिशोब करून दाखवते. समजा, एका युनिटमध्ये नराचे 20 टॅग आहेत. 20 पॉइंटवाले 60 जण आहेत आणि त्यांच्या मागे 19 पॉइंटवाले 80 जण. यंदा साठातल्या 20 जणांना टॅग मिळाला. उरलेले 40 पुढची दोन वर्षं घेणार. 19 वाल्याला वाटत होतं, एक पॉइंट आला की झालं. प्रत्यक्षात त्यांच्यातल्या पहिल्याचा नंबर चौथ्या वर्षी लागतो, तेव्हा त्याचे 22 झालेले असतात. आणि शेवटच्याचा सातव्या वर्षी, 25 पॉइंटांवर. तुम्ही रोज एक पाऊल पुढे टाकताय आणि दार दीड पाऊल मागे सरकतंय.

वायव्येच्या मोफॅट काउंटीत 2, 10 आणि 201 ही युनिटं अशीच आहेत. नराचा रायफलचा टॅग तिथे वीसच्या पुढे पॉइंट असल्याशिवाय निघत नाही. शून्यावरून आज सुरुवात करून तिथे पोचायचा बेत मी तुम्हाला सुचवणार नाही. सध्याच्या नियमात एक फट आहे: ज्या हंट कोडला (प्राणी, युनिट आणि सीझन सांगणारा अर्जातला कोड) निवासी शिकाऱ्याला सरासरी 10 किंवा जास्त पॉइंट लागतात, तिथले 20 टक्क्यांपर्यंत टॅग बाजूला काढतात आणि किमान 5 पॉइंट असलेल्या कुणालाही त्यात नशीब अजमावता येतं. पण फट म्हणजे रस्ता नव्हे. शिवाय हे नियम राज्याचा आयोग बदलू शकतो, तेव्हा ब्रोशर दरवर्षी नव्याने वाचायचं.

साठवण्याबद्दल माझं मत ठाम का आहे, ते सांगते. ग्रँड जंक्शनला आम्ही राहायला आलो तेव्हा शेजारच्या आजोबांनी मला शिकारीतलं सगळं शिकवलं. वारा कुठून येतो ते बघायला ते खिशात टाल्कम पावडरची छोटी डबी ठेवत. त्यांचं एकच स्वप्न होतं, 201. दरवर्षी फक्त पॉइंटचा कोड भरायचे, म्हणजे टॅग न मागता नुसता पॉइंट घ्यायचे. शेवटी टॅग लागला तेव्हा ते 74 वर्षांचे होते आणि गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिनेही झाले नव्हते. मी गाडी चालवत त्यांना घेऊन गेले. सीझनचे पाच दिवस आम्ही रस्त्यापासून अर्ध्या मैलाच्या आत काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या उतारावर एक नर दिसला, सेजब्रशच्या झुडपांत उभा, तोंडातून वाफ निघत होती. आजोबांनी दुर्बीण बराच वेळ धरली, मग माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पंधरा वर्षांपूर्वी गेलो असतो मी त्या डोंगरावर." टॅग कोराच परत आला. मला त्या सकाळचं अजूनही वाईट वाटतं.

तर तुम्ही असं करा. अर्जात चार चॉइस असतात आणि पॉइंट फक्त पहिल्याला लागू पडतात. तुमच्या अर्जात पहिल्या जागी नुसता पॉइंटचा कोड भरा, दुसऱ्या जागी मादी एल्कचा असा हंट कोड की जो दुसऱ्या चॉइसलाही निघतो. पॉइंटही जमा होईल आणि शरद ऋतूत डोंगरावरही जाल. कुठला कोड कितीव्या चॉइसला निघाला, हे कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या ड्रॉ रिकॅप अहवालात छापलेलं असतं. एक संध्याकाळ त्याच्यासाठी राखून ठेवा. मी स्वतः अशा दुसऱ्या चॉइसच्या टॅगवर ग्रँड मेसाला तीनदा गेले आहे. पहिल्या मादीचं मांस हाडं काढून 70 किलो भरलं. त्याचा खिमा कांदा-लसूण मसाल्यात मंद आचेवर केला तर मटणाची आठवण येत नाही.

लेकीच्या अर्जात मात्र मादीचा कोड पहिल्याच जागी भरा. 12 ते 17 वयाच्या मुलांसाठी मादी एल्क, मादी हरीण आणि मादी प्रोंगहॉर्न यांचे 15 टक्क्यांपर्यंत टॅग राखून ठेवतात. तिचं वय हाच तिचा सगळ्यात मोठा पॉइंट आहे आणि तो साठवता येत नाही. ती 16 ची होईपर्यंत कोर्स केलेला प्रौढ माणूस बरोबर असावाच लागतो. तो तुम्ही आहातच, पण सहकाऱ्यांनाही बोलवा. त्यांच्याकडे टॅग असायची गरज नाही. सोबतीचा प्रश्नही सुटेल आणि त्यांचे 14 पॉइंटही शाबूत राहतील. दोघांसाठी केशरी जाकीट आणि टोपी आत्ताच घ्या. फ्लुरोसंट गुलाबीसुद्धा इथे चालतो, तिला विचारून घ्या.

प्रश्न : मी न्यू जर्सीत एच-1बीवर आहे. पॉइंट नसताना पश्चिमेकडे शिकारीला यायचं तर कुठलं राज्य धरावं? आणि व्हिसावर असताना बंदूक हातात घेता येते का?

उत्तर : न्यू मेक्सिको आणि आयडाहो. तिथे पॉइंटच नाहीत. म्हाडाच्या सोडतीसारखं, पहिल्यांदा अर्ज करणाराही जुन्याच्या बरोबरीने चिठ्ठीत. बाहेरच्या राज्यातल्यांचा वाटा लहान असतो, एवढं लक्षात ठेवा. नेवाडात बोनस पॉइंटचा वर्ग करून त्यात एक मिळवतात, म्हणजे 10 पॉइंटवाल्याच्या 101 चिठ्ठ्या, पण नवख्याचीही एक चिठ्ठी डब्यात असते. वायोमिंगमध्ये बाहेरच्यांसाठी एल्क, हरीण आणि प्रोंगहॉर्नचे 75 टक्के टॅग पॉइंटवर आणि 25 टक्के नुसत्या नशिबावर. तिथे पॉइंट विकत घेता येतात, मात्र सलग दोन वर्षं अर्जही केला नाही आणि पॉइंटही घेतला नाही तर साठलेले सगळे जातात. फोनवर आठवण लावून ठेवा.

बंदुकीचं जपून. संघराज्याच्या कायद्याप्रमाणे एच-1बीसारख्या नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स तुमच्याकडे असेल तर त्या बंदीतून सूट मिळते. लायसन्सची मुदत संपली त्या दिवशी ती सूटही संपली, मग मित्राची रायफल रेंजवर नुसती हातात धरणंसुद्धा गुन्ह्यात बसू शकतं. ग्रीन कार्डाची फाइल चालू असताना हा धोका पत्करू नका. आधी तुमच्या इमिग्रेशन वकिलाकडून लेखी उत्तर घ्या. त्या बंदीत धनुष्यबाण येत नाही. बऱ्याच ठिकाणी आर्चरीचे टॅग रायफलपेक्षा लवकर लागतात आणि सीझन सप्टेंबरात असतो, एल्क नर साद घालतात तेव्हा. हात बसायला वर्ष जाईल, म्हणून सराव आत्ताच सुरू करा.