मतपत्रिकेवरच्या ‘हो/नाही’ प्रश्नाने खरंच काही होतं का?

तुम्ही विचारलंय की कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात महापालिकेच्या मतपत्रिकेवर महापौर-नगरसेवकांच्या जोडीला एखादा हो/नाही प्रश्न असतो, त्याचं उत्तर द्यायलाच हवं का आणि पालिका ते ऐकते का.

सक्ती नाही. तो रकाना कोरा सोडलात तरी तुमची बाकीची मतं बाद होत नाहीत. पण निकाल पालिकेवर बंधनकारक व्हायची अट अवघड आहे. शहरातल्या एकूण पात्र मतदारांपैकी निदान ५० टक्के लोकांनी त्या प्रश्नावर मत द्यायला हवं आणि त्यातली निम्म्याहून जास्त मतं एकाच बाजूची हवीत, ‘हो’ किंवा ‘नाही’. आपल्याकडचं दारूबंदीचं ‘आडवी बाटली’ मतदान आठवा. तिथेही आलेल्या मतदारांवर भागत नाही, हिशेब सगळ्या यादीवर होतो. आणि इथे पालिकेच्या मतदानाला निम्मे लोक येणं म्हणजे दुर्मीळच!

किंग्स्टन शहराने २०१८ मध्ये विचारलं, पसंतीक्रमाने मत देण्याची पद्धत आणायची का? ६० टक्क्यांहून जास्त लोक ‘हो’ म्हणाले, पण मतदान निम्म्यावर पोचलं नाही. तरी नगरसेवकांनी कौल मानून तयारी सुरू केली. मग २०२० मध्ये प्रांत सरकारने ती पद्धतच कायद्यातून काढून टाकली. शहराचे अधिकार शेवटी प्रांताच्या हातात, हे इथे नव्याने आलेल्यांच्या लवकर लक्षात येत नाही.

माझ्या मते खरी गोम प्रश्नाच्या शब्दांत असते. किचनर आणि वॉटरलू ही चिकटून असलेली शहरं. २०१० मध्ये दोन्हीकडे एकच प्रश्न होता. लोक म्हणायचे ‘विलीनीकरणाचं मतदान’. प्रत्यक्षात विचारलं होतं एवढंच, की विलीनीकरणाच्या फायद्या-तोट्यांवर नगरसेवकांनी चर्चा करावी का. नुसती चर्चा! किचनरने मोठ्या फरकाने ‘हो’ म्हटलं, वॉटरलूने तितक्याच ठामपणे ‘नाही’. विषय तिथेच संपला.

तेव्हा प्रश्नाचा नेमका मजकूर शहराच्या संकेतस्थळावरून आधीच वाचून जा, केंद्रावर उभ्याउभ्या नको. आणि ‘नाही’वाल्यांनो, एक गंमत: तुमचं मतही त्या ५० टक्क्यांत मोजलं जातं.

मी किचनरला राहते, तेव्हा ‘हो’ म्हटलं होतं. आमच्या जवळचा एक रस्ता अर्ध्यावर शहर बदलतो. बर्फ काढणारी गाडी अजूनही तिथूनच मागे वळते.