कोशिगोएला पहिल्या डब्याचं दार का उघडत नाही?

प्रश्न : ताई, ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही चार महिन्यांपूर्वी फुजिसावाला आलो आणि मी जपानी शिकायला एनोदेन लाइनवर, म्हणजे फुजिसावा ते कामाकुरा जाणाऱ्या छोट्या रेल्वेवर, कोशिगोएला जाते. पहिल्याच आठवड्यात सगळ्यात पुढच्या डब्यात बसले, कोशिगोए आलं, गाडी थांबली, मी पिशवी घेऊन दारापाशी उभी, पण दार उघडलंच नाही, बाहेर बघते तर फलाटच नाही! गाडी सुटलीसुद्धा. अनाउन्समेंट होत असणार पण मला तेव्हा काही कळत नव्हतं. पुढच्या स्टेशनवर उतरून परत आले, पण धडधड बराच वेळ गेली नाही. तो फलाट वाढवत का नाहीत?
— एक वाचक, फुजिसावा

उत्तर : अगं, घाबरणारच ना, परक्या देशात दार उघडलं नाही की पोटात गोळाच येतो. मी पण त्या भागात काही वर्षं राहिलेय, त्यामुळे तो फलाट डोळ्यासमोर आहे. तो तीन डब्यांपुरताच आहे आणि गाडी बहुतेक वेळा चार डब्यांची, म्हणून कामाकुराच्या बाजूच्या एका डब्याची दारं तिथे बंदच ठेवतात. फुजिसावाहून जाताना तो डबा सगळ्यात पुढे असतो आणि परत येताना सगळ्यात मागे, एवढं लक्षात ठेवलंस की झालं. आणि चुकून त्याच डब्यात बसलीस तरी आतून शेजारच्या डब्यात जाता येतं, कारण एनोदेनचे डबे जोडीजोडीचे असतात, दोन डबे मधे एकाच चाकांच्या संचावर टेकलेले, आणि त्या सांध्यातून चालायला वाट आहे. वळणावर तिथे उभं राहिलं तर पायाखालची गोल तबकडी हळूच फिरते ती कळते. पण अशा दोन जोड्या जिथे जुळतात तिथून मात्र पलीकडे जाता येत नाही हां.

आता फलाट का वाढवत नाहीत, तर जागाच नाही गं. दोन्ही टोकांना रस्त्याची फाटकं आहेत, आजूबाजूला घरं, आणि शेजारच्या एनोशिमा स्टेशनकडे निघालं की गाडी सरळ रस्त्यावर उतरते, दुकानांच्या समोरून, मोटारींच्या मधून. त्यानंतर एनोशिमाच्या अलीकडे र्‍युकोजी देवळापाशी जे वळण आहे त्याची त्रिज्या फक्त 28 मीटर, म्हणून तर डबे इतके छोटे, साधारण साडेबारा मीटरचे, आणि जोडीने सांधलेले. ही लाइन 1902 ला सुरू झाली आणि 1910 ला कामाकुरापर्यंत पोचली, गाव तिच्या अंगाला अंग लावून वाढलं. फलाट वाढवायचा तर कुणाचा तरी रस्ता किंवा घर जाणार, त्यापेक्षा एका डब्याची दारं बंद ठेवणं मला तरी जास्त शहाणपणाचं वाटतं.

मग गाडीच तीन डब्यांची करावी, असं तुझ्या मनात येईल. पण डबे जोडीत असल्यामुळे गाडी दोनची नाहीतर चारची, तीनची होतच नाही. जास्त गाड्या सोडाव्यात तर 10 किलोमीटर, 15 स्टेशनं आणि अख्खी सिंगल लाइन, समोरासमोरच्या गाड्यांचं क्रॉसिंग फक्त कुगेनुमा, एनोशिमा, मिनेगाहारा, इनामुरागासाकी आणि हासे एवढ्या पाच ठिकाणी. त्यातलं मिनेगाहारा तर स्टेशनच नाही, तिथे गाडी नुसती समोरचीची वाट बघत उभी राहते. एका ठिकाणी गर्दीमुळे उशीर झाला की सगळी साखळी लांबते, म्हणूनच मार्च 2023 मध्ये 12 मिनिटांनी येणारी गाडी 14 मिनिटांनी केली.

आणि हे फक्त कोशिगोएलाच आहे असं नाही. तिथून लांब नाही, योकोसुका लाइनवर ताउरा स्टेशन आहे, दोन बोगद्यांच्या मधे अडकलेलं, तिथे 11 डब्यांच्या गाडीचा एका टोकाचा पूर्ण डबा आणि त्याच्या शेजारच्या डब्याचं पहिलं दार उघडत नाही. तोक्योत कुहोनबुत्सुला पण असंच.

क्लास लवकर सुटला तर मानपुकुजी देवळात नक्की जा, स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे. 1185 साली योशित्सुने या सामुराई सेनापतीला त्याच्या भावाने, कामाकुराच्या सत्ताधीश योरितोमोने, कामाकुरात येऊ दिलं नाही, तेव्हा तो कोशिगोएलाच अडकला आणि इथूनच त्याने विनवणीचं पत्र लिहिलं. मला ते अंगण फार आवडतं.

प्रश्न : मे महिन्यात आईबाबा येणारेत, एनोदेनच्या कामाकुराकोकोमाए स्टेशनजवळचं ते प्रसिद्ध रेल्वे फाटक त्यांना दाखवायचंय. कधी जावं?
— एक वाचक, योकोहामा

उत्तर : गोल्डन वीक, म्हणजे एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या सलग सुट्ट्या, संपू द्या, प्लीज. त्या दिवसांत कामाकुरा स्टेशनवर इतकी रांग लागते की लाइनवर राहणाऱ्यांना रांगेशिवाय आत जाता यावं म्हणून नगरपालिकेला दाखले द्यावे लागलेत. फाटक बास्केटबॉलच्या ॲनिमेमुळे गाजलं, पण लोक फोटोसाठी रस्त्यात उभे राहतात आणि तिथल्या रहिवाशांना त्याचा खरंच त्रास होतो. सकाळी लवकर जा आणि आईबाबांना स्टेशनच्या बाकावर बसवा. एकच फलाट, समोर 134 नंबरचा रस्ता आणि लगेच समुद्र. एक गाडी जाऊ द्या, दुसरी येईपर्यंत नुसतं बसा. शाळेची मुलं आली तर दाराजवळची जागा त्यांना सोडा, त्यांचं ते रोजचं स्टेशन आहे.